दोन लिटर दुधासाठी गाडी

वहिनी, तुमची राख सावडायच्या दिवशी धनगरवस्तीवरून सहा किटल्या दूध आलं. कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी राखेवर दूध शिंपडतात, त्याला तांब्याभर पुरतं, आणि तेवढं आपल्या घरच्या म्हशीचं काढून ठेवलेलं होतं. पण सकाळी साडेसहाला, तुमच्या खव्याच्या भट्टीवर दूध घालायच्या रोजच्या वेळेला, त्या बाया माळ उतरून आल्या आणि भट्टीसमोर ओळीनं उभ्या राहिल्या. पुढं कोंडाबाई होती. भट्टी विझलेली, कढई पालथी, तुम्ही नाही. त्यांना आत यावं की नाही कळेना आणि त्यांना काय सांगावं ते मला कळेना.

मग माझ्या हातून जे झालं ते सांगतो. दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. मी एकेका किटलीत बोट बुडवलं आणि थेंब अंगठ्यावर चोळून बघितला. कार्यालयाच्या सर्वेक्षणात दोन महिने हेच करत होतो, हात आपोआप गेला. चार किटल्यांतलं दूध पातळ होतं. घट्ट दूध तेवढं राखेसाठी वेगळं काढून न्यावं, असं मनात आलंसुद्धा. दादा ओट्यावर बसून माझ्याकडं बघत होते. तुम्हाला ठाऊक आहे, आठवड्यातून चार वाक्यं बोलणारा माणूस. ते म्हणाले, "सगळं एकातच वत. ती तसंच करायची."

सगळं एकाच बादलीत ओतलं आणि ती बादली मी उचलून नेली.

मी कोण हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण लिहायला बसलं की माणूस सगळं पहिल्यापासून सांगत सुटतो. तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा मी, तुमचा धाकटा दीर, सातवीत होतो. सकाळी तुमच्या कढईची खरवड खाऊन शाळेत जायचो. शर्टाला धुराचा वास यायचा म्हणून वर्गातली पोरं मला 'भट्टी' म्हणायची. एकदा मी त्यावरून रडत घरी आलो, तर तुम्ही म्हणालात, "मग त्यास्नी बी खरवड ने." दुसऱ्या दिवशी पळसाच्या पानात बांधून दिलीत. त्यानंतर नाव तेच राहिलं, पण पोरं ते प्रेमानं घ्यायला लागली.

पुढं शिकलो, जिल्ह्याच्या कार्यालयात चिकटलो. आणि आता माझ्या पिशवीत जो अहवाल आहे तो आपल्या भूम-वाशीकडच्या खवा भट्ट्यांचाच आहे. वाड्यावस्त्यांवरच्या लाकडाच्या भट्ट्या बंद करायच्या आणि हमरस्त्याच्या फाट्यावर एक मोठं केंद्र उभारायचं. वाफेवरच्या कढया, धूर नाही, खवा ठेवायला थंड खोली, माल थेट मोठ्या शहरात. दूध गोळा करायला गाडी फिरणार. फक्त जिथं एका जागी शंभर लिटर दूध जमेल तिथंच ती थांबणार, नाहीतर डिझेल परवडत नाही. धनगरवस्तीचं सगळं मिळून पंधरा-वीस लिटर भरतं. कोंडाबाईचं दोन.

यामागचा विचार मी तुम्हाला पहिल्यांदा सांगितला तो पुण्याच्या प्रशिक्षणाहून आल्या आल्या. तुम्ही उलथनं फिरवत होता, मी लाकडाच्या ओंडक्यावर बसलो होतो. तिथल्या साहेबांनी भिंतीवर देशाचा नकाशा लावला होता. ते म्हणाले होते, देश एवढा मोठा आहे, पैसा पुरणारा नाही, तेव्हा तो जिथं लवकर वाढतो तिथं आधी घालावा. वाढला की मग तो सगळीकडं पोचतो. मला ते फार पटलं होतं. मी अगदी हातवारे करून सांगितलं.

"किती दिसांत पोचतो?" तुम्ही विचारलंत.

"तसं सांगता येत नाही, वहिनी."

"तवर आमी काय करायचं म्हनले का?"

मी म्हणालो की चार ठिकाणी थोडं थोडं घातलं तर कुठंच काही उभं राहत नाही. तुम्ही मान डोलावलीत. "ते बी खरंच हाय म्हना," म्हणालात. तुमची भांडायची रीतच अशी. आधी समोरच्याचं खरं म्हणायचं, मग कढई ढवळत ढवळत त्याला हळूच कोपऱ्यात घ्यायचं. थोड्या वेळानं विचारलंत, "आन ते साहेब कुठले?" मी सांगितलं, पुण्याचेच. तुम्ही पुन्हा उलथनं फिरवायला लागलात. तेवढा एक प्रश्न मला त्या ओंडक्यावर फार टोचला.

गंमत अशी की पुण्यावर चिडणारा माणूस मीच होतो. एखादा कारखाना आपल्याकडं येणार म्हणून बोलबाला व्हायचा आणि शेवटी तिकडंच जायचा, की मी तावातावानं वर्तमानपत्राला पत्र लिहायचो. मराठवाड्याचा अनुशेष हा माझा आवडता शब्द. एक पत्र छापून आलं तेव्हा तुम्ही ते कापून कणकेच्या खळीनं भट्टीच्या पत्र्याला चिकटवलंत. येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवायचात, आमच्या भावजीनं लिवलंय म्हणून. मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं.

ज्या दिवशी मी शंभर लिटरचा नियम समजावून सांगितला, त्या दिवशी तुम्ही उलथन्यानं त्या कात्रणाकडं बोट केलंत.

"भावजी, ते वाचा बरं जरा. मला दिसंना आता."

दिसत नव्हतं हे खोटं होतं. तरी मी वाचलं. माझंच वाक्य होतं: मागणी नाही म्हणून इथं सोय नाही, आणि सोय नाही म्हणून इथं मागणी वाढत नाही, हे कुणीतरी एकदा थांबवलं पाहिजे.

"आता ह्यात जिल्हा खोडून वस्ती लिवा."

मी म्हणालो, जिल्हा आणि वस्ती यात फरक आहे. तुम्ही विचारलंत, कोणता. मी बरंच सांगितलं. लोकसंख्या, अंतर, रस्ता, गाडीचा खर्च. तुम्ही सगळं शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "आसल." त्या 'आसल'वर मी अजून अडकून पडलोय. फरक असणार, हे मला अजूनही वाटतं. प्रत्येक उंबऱ्याला गाडी पाठवता येत नाही, हे तुम्हालाही मान्य होतं. कुठंतरी रेघ मारावीच लागते. पण पुण्याहून रेघ मारली की तिच्या बाहेर मी असतो आणि मी मारली की कोंडाबाई. यातली बरोबर रेघ कोणती हे कशावरून ठरवायचं, ते मला कुठल्याच प्रशिक्षणात कुणी सांगितलं नाही.

आणि वहिनी, तुमचीही एक रेघ होतीच. वस्तीच्या पलीकडं ओढ्याकाठी तो एकटा म्हातारा शेळ्या घेऊन राहतो. त्याचं दूध तुम्ही कढईत घेत नव्हता. खव्याला वास येतो म्हणायचात. मी ते तुमच्या तोंडावर फेकलं. "त्याला का नाही घेत? त्यानं काय करावं?" तुमचा हात थांबला. कढईच्या कडेला दूध लागायला लागलं तरी उलथनं हललं नाही. वादात तुम्हाला मी तेवढं एकदाच गप्प केलं. त्या दिवशी खरवड न खाताच निघालो. आठवड्यानं कळलं की तुम्ही त्याचं दूध वेगळ्या पातेल्यात आटवून वस्तीवरच्या लेकरांना देता आणि त्याला रोज भाकरी पाठवता. तुम्ही ते मला सांगितलं नाहीत, मला ते तुमच्या सुनेकडून, रेखाकडून कळलं. त्यावर मी काय म्हणायला हवं होतं? कार्यालयाच्या भाषेत याला परवडत नाही असंच म्हणतात, आणि ते चूकही नाही.

आता ती गोष्ट, जी मी तुमच्यापासून लपवली. सर्वेक्षणात प्रत्येक भट्टीचा उतारा काढायचा होता. इतक्या लिटर दुधाला किती खवा पडतो, त्यावरून भट्टी किती कामाची ते ठरणार. मी येणार हे आधी सगळ्यांना कळवलेलं. त्यामुळं बाकीच्या भट्ट्यांवर त्या दिवशी फक्त घरच्या म्हशींचं घट्ट दूध कढईत पडलं. दारात आलेल्या किटल्या गोड बोलून परत गेल्या. मला ते दिसत होतं आणि त्यांना मला दिसतंय हे दिसत होतं. तुमच्या भट्टीवर आलो तर वस्तीच्या बाया नेहमीसारख्या ओळीत.

मी हळू आवाजात म्हणालो, "वहिनी, आजचा एक दिवस वस्तीचं दूध वेगळं ठेवा."

"मग त्येंनी आजचा दिस काय करावं?"

"एकच दिवस."

"तुमी आलाव म्हनून त्येंच्या गाई-म्हशी आज आटल्या न्हाईत, भावजी." आणि तुम्ही सगळं एकाच कढईत ओतलंत.

तुमचा उतारा सगळ्यांत कमी भरला. मी तो तसाच लिहिला. त्या तक्त्यात शेवटी 'शेरा' असा एक रकाना असतो. तिथं एक ओळ लिहिता आली असती, की ही भट्टी सगळ्यांचं दूध घेते म्हणून आकडा कमी आहे. मी नाही लिहिली. दीरानं भावजयीची बाजू घेतली असं कुणी म्हणू नये म्हणून. बाकीच्यांची चलाखी माहीत असूनही त्यांचे रकाने भरले आणि खरं वागणाऱ्या बाईचा रकाना मी कोरा सोडला. तुम्ही विचारलंत, "कसं आलं आमचं?" मी म्हणालो, ठीक आलंय. वहिनी, ते ठीक आलं नव्हतं.

खोकला तोवर तुम्हाला लागला होताच. तीन हिवाळे तुम्ही तो अंगावर काढलात. हळद-दूध, अडुळसा, सोनारीच्या भैरवनाथाचा अंगारा, सगळं झालं. शेवटी जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, यांची नीट तपासणी करायला जे यंत्र लागतं ते इथं नाही, तेवढे पेशंट येत नाहीत म्हणून इथं ठेवणं परवडत नाही, सोलापूरला न्या. जीपमध्ये मी आतून पेटलो होतो. आणि खरं सांगतो, त्याच वेळी डोक्यात एक माणूस हिशेब घालत बसला होता की डॉक्टरचं बरोबर आहे, एवढं महाग यंत्र प्रत्येक तालुक्याला कसं देणार. तुम्ही माझ्या खांद्याला टेकला होता. खड्डा आला, तुम्ही डोळे उघडलेत आणि माझ्याकडं बघून हसलात.

"आपलं शंभर लिटर भरलं न्हाय व्हय, भावजी?"

दादांना काही कळलं नाही.

सोलापूरच्या डॉक्टरनं एकच प्रश्न विचारला, चुलीवर काम करता का, किती वर्षं. मग मला बाहेर घेऊन सांगितलं की हा सगळा धूर आहे. तेव्हापासून माझं डोकं धड चालत नाही. ज्या भट्टीसाठी तुम्ही माझ्याशी भांडत होता त्याच भट्टीनं तुमची छाती पोखरली. फाट्यावरचं केंद्र दहा वर्षं आधी झालं असतं तर तुम्ही आज असता. म्हणजे माझा अहवाल बरोबर. पण तोच अहवाल मी सहा महिने दाबून ठेवला होता, कारण तुमचं म्हणणं खोडून काढायला मला उत्तर सापडत नव्हतं. मग चूक कुठली? तुमच्याशी वाद घातला ती, की वादात तुमचं ऐकलं ती? रोज सकाळी एक वाटतं आणि दुपारपर्यंत दुसरं. तुम्ही असता तर "दोनी बी खरंच हाय म्हना" म्हणून मोकळ्या झाला असता.

शेवटचं बोलणं दुपारचं. सोलापूरच्या दवाखान्यात तुमचा डबा घेऊन आलो होतो, तुम्ही दोन घास खाऊन बाजूला सारलात. तोंडावरचा मास्क खाली ओढून विचारलंत, "गाडीचं काय केलं?" एवढ्या धापेत तुम्हाला वस्तीची गाडी आठवत होती. मी म्हणालो, "बघतो."

"बघतो म्हंजे सरकारी भाषेत न्हायच की," तुम्ही म्हणालात आणि हसून मास्क पुन्हा लावलात. मला वाटलं, बऱ्या झालात की नीट बोलू. दोन दिवसांनी तुम्ही गेलात. तुमच्याशी बोललेला माझा शेवटचा शब्द 'बघतो' असावा, याची मला फार लाज वाटते.

घरी रेखानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. तुमची सून तुमच्यासारखीच, आडपडदा नाही. "काका, तुमाला काय लिवायचं ते लिवा. पन म्या भट्टी पेटवनार न्हाय. आत्याचा खोकला म्या भिंतीपल्याडून तीन वर्सं ऐकलाय." मी विचारलं, मग वस्तीच्या दुधाचं काय. ती भांडी घासत होती, तिनं मान वर केली नाही. "ते मला इचारू नका. मला दोन लेकरं हायती." तिच्यावर रागवावं असं त्यात काही नव्हतं. तिनं आत्याची कढई घासून लख्ख करून पालथी घातलीय. तिच्या परीनं तो तुमचा मानच आहे.

आणि परवा कोंडाबाई आली. मोकळ्या हातानं आली होती. राखेसाठी आणलं ते वेगळं, सुतकात भट्टीवर दूध घालायचं नाही हे तिला कळतं. भट्टीच्या ओट्यावर बसली, लुगड्याच्या पदरानं ओटा पुसला, पुन्हा पुसला. मग विचारलं, "तेराव्याच्या नंतर दूध कुठं घालायचं, साहेब?"

मी म्हणालो, फाट्याला केंद्र होतंय.

"दोन लिटरासाठी फाट्याला जाऊन माघारी येस्तवर माझा आख्खा दिस जातोय. जनावरं कुनी बगायची?" तिच्या आवाजात तक्रार नव्हती, ती नुसती माहिती देत होती. "बाई होती तवर आमाला कंदी कुनी माघारी लावलं न्हाय. लई पातळ आसलं तर बाई म्हनायची, उद्या चांगलं आन. पन घ्यायची."

ती गेल्यावर मी अहवाल बाहेर काढला आणि तुमच्या ओट्यावर, जिथं तुम्ही बसायचात तिथंच बसलो. पत्र्यावरचं माझं पत्र काजळीनं पार काळं झालंय, एक अक्षर लागत नाही. तुमच्या पानावरच्या कोऱ्या रकान्यात मी लिहिलं: या भट्टीवर कुणाचंही दूध परत पाठवलं जात नव्हतं. एवढं लिहायला मला आठ महिने आणि तुमचं मरण लागलं. मग शेवटचं पान काढलं. केंद्र फाट्यावरच व्हावं असंच ठेवलं, कारण रेखाच्या छातीत धूर जाऊ नये. आणि शंभर लिटरचा नियम खोडून तिथं लिहिलं की गाडी प्रत्येक वस्तीवर जाईल आणि असेल तेवढं दूध घेईल.

त्या एका ओळीनं सगळं गणित कोलमडलं. तीनदा करून बघितलं. डिझेल, ड्रायव्हर, वेळ, पातळ दुधाचा उतारा, काही केल्या जमत नाही. साहेब पहिल्याच वाचनात ते पान माझ्यासमोर सरकवतील आणि विचारतील, हे कोण भरून काढणार. त्यांचा प्रश्न बरोबर आहे हे मला माहीत आहे. कदाचित या एका ओळीमुळं केंद्रच होणार नाही आणि आणखी दहा जणी धुरात बसतील. कदाचित पुढच्या माणसाला माझ्यापेक्षा चांगलं गणित येत असेल. न जमणाऱ्या त्या गणिताखाली मी सही केली. नोकरीत पहिल्यांदा.

वहिनी, उद्या तुमचा तेरावा. आज सकाळी मी माळावर जाऊन आलो. कोंडाबाई धार काढत होती. ती काही विचारायच्या आधीच मी म्हणालो, "फाट्याला जाऊ नका. भट्टीपाशीच थांबत जा. गाडी येईल." तिनं किती वाजता ते विचारलं. तोंडातून निघून गेलं, साडेसहाला. तिनं लगेच मान डोलावली आणि पलीकडच्या झोपडीकडं हाक मारून ती वेळ सांगूनही टाकली. माझ्या शब्दावर तिचा एवढा विश्वास का असावा? मी तुमचा दीर आहे, दुसरं काही कारण मला सुचत नाही.

ती गाडी अजून कुठंच नाही, वहिनी. वेळ तेवढी मी सांगून आलोय.